माळव्यातले दोन मराठी नेते : कुशाभाऊ आणि ताई

मध्य प्रदेशातल्या कन्नौदहून इंदूर-बैतूल रस्त्याने पश्चिमेकडे निघालं की आधी इंदूर लागतं, त्यापुढे धार. या दोन शहरांनी देशाच्या राजकारणाला दोन मराठी माणसं दिली, कुशाभाऊ ठाकरे आणि सुमित्राताई महाजन. पक्ष एक, पण वाटा अगदी वेगळ्या.

कुशाभाऊंचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, धारचा. १९४२ मध्ये ते राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे प्रचारक झाले, मग जनसंघाचे संघटक. गावोगाव फिरून माणसं जोडणं हेच त्यांचं आयुष्य. आणीबाणीत तुरुंगवास भोगला. १९७९ च्या पोटनिवडणुकीत खंडव्यातून लोकसभेवर गेले, पण १९८० मध्ये हरले. १९९८ ते २००० भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष होते. मंत्रिपद मात्र कधीच नाही.

ताई चिपळूणच्या, लग्न होऊन इंदूरला आल्या. त्यांची सारी ताकद मतदारांमधली. १९८९ मध्ये मध्य प्रदेशचे माजी मुख्यमंत्री प्रकाशचंद्र सेठी यांना हरवलं आणि तिथून सलग आठ वेळा इंदूर जिंकलं! वाजपेयी सरकारात राज्यमंत्री, २०१४ ते २०१९ लोकसभेच्या अध्यक्षा, २०२१ मध्ये पद्मभूषण. अहिल्याबाई होळकरांवर त्यांनी 'मातोश्री' हे नाटकही लिहिलंय.

माझ्या मते कुशाभाऊंचं काम अधिक खोलवर गेलेलं आहे. मध्य प्रदेशात भाजपची पुढची पिढी त्यांच्याच हाताखाली घडली. रायपूरच्या पत्रकारिता विद्यापीठाला आणि भोपाळच्या जुन्या मिंटो हॉलला आज त्यांचं नाव आहे.