मैदानावरचं दुखणं अंगावर काढू नका

पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळे निघाले आणि पांढुर्णा जिल्हा झाला. संत्र्या-कपाशीच्या या मराठी मुलखात कबड्डी खेळणाऱ्या, भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या मुलामुलींवर घरादाराची आशा असते. अशा मुलाचा गुडघा दुखला की घरचे म्हणतात, “मार लागला असेल, तेल लावून चोळ.” बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण क्वचित त्या दुखण्यामागे हाडाचा कॅन्सर असतो आणि चोळण्या-शेकण्यात मोलाचे आठवडे निघून जातात.

कॅनडाच्या टेरी फॉक्सचं असंच झालं. बास्केटबॉल खेळणाऱ्या या कॉलेजकुमाराच्या गाडीला १९७६ च्या नोव्हेंबरात अपघात झाला आणि गुडघ्याला मार लागला. पुढे गुडघा दुखू लागला तेव्हा त्याने तो अपघाताचाच परिणाम मानला. बास्केटबॉलचा हंगाम संपेपर्यंत त्याने कळ सोसली. मार्च १९७७ मध्ये निदान झालं, ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर. अठराव्या वर्षी त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला.

१२ एप्रिल १९८० रोजी अटलांटिक महासागरात कृत्रिम पाय बुडवून तो कॅन्सर संशोधनाच्या निधीसाठी कॅनडा पार करायला धावत निघाला. धड पायावर दोन उड्या, मग कृत्रिम पायाचं एक पाऊल, अशा चालीने रोज जवळपास मॅरेथॉनइतकं अंतर. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले आणि कॅन्सर फुप्फुसात पोचल्याने त्याला थांबावं लागलं. जून १९८१ मध्ये, बाविसाव्या वर्षी तो गेला. त्याच्या नावाने निघणाऱ्या दौडी आजही निधी जमवतात.

ऑस्टिओसार्कोमा दुर्मीळ आहे, पण हाडं झपाट्याने वाढतात त्या किशोरवयातच तो जास्त आढळतो, आणि तोही बहुधा गुडघ्याच्या आसपास. मार लागल्याने तो होत नाही. मार लागल्यावर आपलं लक्ष तिकडे जातं, एवढंच. खूण ओळखायची ती अशी: साधी दुखापत विश्रांतीने उतरते, हे दुखणं वाढत जातं. रात्री झोपमोड करतं. सूज किंवा टणक गाठ दिसू लागते. दोन-तीन आठवड्यांत उतार पडला नाही तर आधी साधा एक्स-रे काढावा. अशा गाठीवर मालीश करू नये, ती बांधून घेऊ नये.

एक्स-रेत शंका आली तर एमआरआय आणि मग गाठीचा तुकडा तपासणं. हा तुकडा जिथे पुढे शस्त्रक्रिया होणार तिथल्याच डॉक्टरांनी काढावा. चुकीच्या जागी चीर पडली तर पाय वाचवणं अवघड होऊन बसतं. पूर्वी नुसता पाय कापून पाचपैकी जेमतेम एक रुग्ण वाचे. आता आधी केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया, पुन्हा केमोथेरपी असा क्रम असतो. रोग पसरण्याआधी सापडला तर दहापैकी सहा-सात रुग्ण बरे होतात. पुष्कळांचा पायही वाचतो. रोगट हाड काढून तिथे धातूचा सांधा बसवतात. मात्र केमोने दुखणं थांबलं म्हणून उपचार अर्धवट सोडणं जिवावर बेतू शकतं.

क्रिकेटपटू युवराज सिंगचा कॅन्सर वेगळा, दोन फुप्फुसांच्या मधला. २०११ च्या विश्वचषकात खोकला आणि उलट्या सोसत तो खेळला आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. अमेरिकेत केमोथेरपी घेऊन सप्टेंबर २०१२ मध्ये तो भारताकडून पुन्हा मैदानात उतरला. कळ सोसणं हा खेळाडूचा मोठा गुण, पण या आजारात तोच गुण घात करतो.

पांढुर्णा-सौंसरकरांना नागपूर रेल्वेनेही गाठता येतं. तिथे राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. मुंबईत १९४१ पासूनचं टाटा मेमोरियल आहे. आयुष्मान कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळतं. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वे भाड्यात सवलत देते. निघण्यापूर्वी आयुष्मान योजना त्या रुग्णालयात लागू आहे का, हे विचारून घ्यावं.

गावोगावच्या क्रीडा शिक्षकांना आणि प्रशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. दुखतंय म्हणणाऱ्या पोराला नाजूक म्हणून हिणवू नका. रात्री दुखतं का, सूज आहे का, एवढं विचारा आणि उत्तर होय आलं तर त्याच आठवड्यात त्याच्या आईवडिलांना घेऊन डॉक्टरकडे जा.