तारमास्तरांचं मनगट

माझ्या टेबलाच्या खणात पितळेच्या पाच कळा आहेत. कुणी पाहिल्या की विचारतात, "डॉक्टर, हा कसला कडीकोयंडा?" त्या जुन्या तारायंत्राच्या मोर्स कळा आहेत. लाकडी पाटावर बसवलेली दांडी, खाली स्प्रिंग, टोकाला बोटांनी धरायची काळी बोंडी. क्षणभर दाबली की ठिपका, त्याच्या तिप्पट वेळ दाबली की रेघ. पोस्टातला तो कट्ट-कडकट्ट आवाज माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. त्याच्या कितीतरी आधीपासून या कळा भंगारात किलोच्या भावाने जात होत्या. माझ्या चार तिथूनच आल्या. पाचवी, म्हणजे खरं तर पहिली, एका पेशंटने दिली.

नोकरीची सुरुवातीची वर्षं होती, तालुका दुसरा होता. एक निवृत्त तारमास्तर आले. तक्रार विचित्र होती. हाताने बादली उचलता येते, भाकरी मोडता येते, पण पेन धरलं की बोटं आवळतात आणि मनगट वाकडं होतं. नोकरीच्या अखेरीला 'एस'चे तीन ठिपके मारायला गेले की चार पडायचे. 'एच'चे चार म्हणजे तर परीक्षाच. आता पेन्शनच्या कागदावरची सही जुळत नव्हती आणि "अंगठा लावा" असं त्यांना सांगितलं गेलं होतं. जन्मभर गावाच्या तारा लिहून घेतलेल्या माणसाला!

मी हात तपासला. ताकद ठीक, संवेदना ठीक, सूज नाही. म्हणालो, "काका, टेन्शन घेऊ नका, मनाचं आहे." ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या. ते काही न बोलता उठून गेले.

मी चुकलो होतो, आणि चूकही जुनीच होती. फ्रान्समध्ये ऑनिमस या डॉक्टरने १८७५ मध्येच तारवाल्यांच्या या आजाराचं वर्णन केलं होतं. ब्रिटनने १९०८ मध्ये तो नुकसानभरपाई मिळणाऱ्या कामगार-आजारांच्या यादीत घातला. मात्र १९११ मध्ये तिथल्याच सरकारी समितीने निष्कर्ष काढला की, सततच्या श्रमाबरोबर तारवाल्याची मुळातली मज्जासंस्थेची अस्थिरताही याला कारण आहे. ऐंशीएक वर्षांनी मीही त्यातला दुसरा अर्धा भागच तारमास्तरांना ऐकवला.

श्रमाचा हिशेब करून पाहा. मोर्सचा वेग मोजायला 'पॅरिस' हा शब्द प्रमाण धरतात. तो पाठवायला कळ १४ वेळा दाबावी लागते. मिनिटाला २० शब्द धरले तर २८० वेळा, तासाला १६ हजार ८००. वजन म्हणाल तर काहीच नाही.

मेंदूत प्रत्येक बोटाचा जणू वेगळा नकाशा असतो. तीच बारीक हालचाल वर्षानुवर्षे केली की काही जणांत या नकाशांच्या सीमा पुसट होतात. एका बोटाला दिलेला हुकूम शेजारच्या बोटालाही पोचतो. याला आज डिस्टोनिया म्हणतात. जाड पेन, हाताला नव्याने वळण लावणारे व्यायाम, गरज पडली तर न्यूरॉलॉजिस्टकडून बोट्युलिनमचं इंजेक्शन, असे उपाय आहेत. अमेरिकेत होरेस मार्टिन यांनी १९०४ च्या सुमारास यंत्रच बदललं. त्यांच्या 'व्हायब्रोप्लेक्स'मध्ये दांडी आडवी हलते आणि ठिपके कंप पावणारी स्प्रिंग आपोआप देते. ही कळ माझ्याकडे नाही. किंमत ऐकून मी गप्प बसतो.

पुढे पुस्तकात 'रायटर्स क्रॅम्प'चं प्रकरण वाचलं आणि मी तारमास्तरांच्या घरी गेलो. सही आजारामुळे बदलली आहे, असं प्रमाणपत्र लिहून दिलं. त्यांनी डाव्या हाताची सही गिरवून ती नोंदवली. निघताना कळ माझ्या हातात ठेवली. बोंडी उजव्या कडेला झिजलेली, स्प्रिंग भलतीच कडक.

आर्णीत हिवाळ्यात कापूस वेचणाऱ्या बाया अंगठ्याच्या मुळाशी दुखतं म्हणून येतात. हा डिस्टोनिया नव्हे. इथे शिरेच्या म्यानाला सूज असते. पण कारण त्याच जातीचं, हलकं काम हजारो वेळा. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवा. कळ उठली तर हीच शंका घ्यायची. तान्हं बाळ सारखं उचलणाऱ्या आयांनाही हे होतं. हात बदलून काम, पट्टी आणि काही दिवस विश्रांती यांनी बहुतेकींना आराम पडतो. मजुरीच्या दिवसांत "विश्रांती घ्या" म्हणताना माझीच जीभ अडखळते, म्हणून निदान लवकर या म्हणतो. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होऊन जाग येत असेल, तर तो मनगटातली नस दबण्याचा प्रकार असू शकतो. मधुमेह आणि थायरॉइडवाल्यांनी तर थांबूच नये. अंगठ्याखालचा मांसल भाग सुकला की तो पूर्ववत होणं कठीण असतं.

आणि कुणाच्या माळ्यावर अशी पितळी कळ असेल, तर ती चिंचेने घासू नका. वरचा काळपटपणा हेच तिचं वय, आणि बोंडी कुठे झिजली आहे ते मला पाहायचं असतं.