एअरब्रशची गळती

विमाने, जहाजे, रणगाडे यांच्या लघुप्रतिकृती रंगविण्याचा एअरब्रश (दाबाखालील हवेने रंगाचा सूक्ष्म फवारा उडविणारे उपकरण) गळू लागला, की त्याचे सर्व सांधे बळाने आवळण्याचा उपाय सर्रास केला जातो. परंतु रंगाची गळती आणि हवेची गळती या दोन भिन्न तक्रारी आहेत, हे ध्यानी घेतल्यावाचून दुरुस्ती सफल होत नाही.

रंगाचा मार्ग नोझल (बहुधा ०.२ ते ०.५ मिलिमीटर छिद्राचे तोंड) आणि त्यात नेमकी बसणारी निमुळती सुई यांच्या संयोगाने बंद होतो. घरातील नळाची चकती झिजली, म्हणजे मूठ कितीही पिळली तरी थेंब ज्याप्रमाणे थांबत नाही, त्याप्रमाणेच सुई वाकली, नोझल चिरले किंवा आत रंग वाळला, तर टोकाशी रंग पाझरतच राहतो. याउलट, रंगाच्या वाटीत बुडबुडे उठत असतील, तर नोझलचे तोंड तुंबून वा त्याची बैठक सैल होऊन हवा उलट रंगमार्गात शिरत आहे, असे समजावे. आणि खटका न दाबताही हवा सुटत असेल, तर दोष बहुधा खटक्याखालील झडपेत असतो. सांध्यांवर साबणाचे पाणी लावल्यास निसटणारी हवा फेसाने उघड होते.

अतिरिक्त जोराने नाजूक नोझल चिरते व मूळ दोषात भर पडते. म्हणून प्रथम स्वच्छता, मग तपासणी आणि अखेरीस झिजलेल्या भागाची बदली, हाच क्रम पाळावा.