गारेची, टोपीची आणि पुन्हा गारेची

सिंधुदुर्गात पिकांच्या राखणीसाठी परवान्यावर ठेवलेली बंदूक विचाराल तर उत्तर दोनांतलं एक येतं: ठासणीची किंवा काडतुसाची. शेतकऱ्याला एवढं पुरतं. जुन्या शस्त्रांच्या संग्राहकाचं त्यावर भागत नाही.

नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी गजाने ठासायची, इथवर साऱ्या ठासणीच्या बंदुका सारख्या. दारूला विस्तव कसा लागतो, यावरून त्यांच्या जाती पडतात. तोड्याच्या बंदुकीत जळती वात रंजकेवर, म्हणजे नळीच्या छिद्राशी ठेवलेल्या पेटवणीच्या दारूवर, टेकते. गारेच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यातली गारगोटी पोलादावर आपटते आणि ठिणगी रंजकेत पडते. रंजक भपकन जळून आतली दारू तशीच राहिली, की बार फुसका. 1807 मध्ये अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश पाद्र्याने आघाताने पेटणारं रसायन बंदुकीत वापरण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्यातूनच पुढे असं रसायन भरलेली तांब्याची टोपी आली आणि पावसात रंजक भिजण्याची धास्ती बरीच कमी झाली.

खरी गंमत इथून सुरू होते. टोपी आल्यावर हजारो गारेच्या बंदुका टोपीच्या करून घेण्यात आल्या. चांगली नळी कोण टाकून देणार? पुढे संग्राहकांचा जमाना आला, गारेच्या बंदुकीला जास्त भाव मिळू लागला आणि काही विक्रेत्यांनी त्याच बंदुका पुन्हा गारेच्या केल्या. अशा बंदुकीला ‘रिकन्व्हर्टेड’ म्हणतात. वर्णनात हा शब्द लिहिणारा विक्रेता प्रामाणिक समजावा. तो गाळला असेल, तर रंजकेच्या छिद्राभोवती पाहावं: तिथलं लोखंड वर्षानुवर्षांच्या भडक्याने खाल्लेलं असायला हवं. नळी झिजलेली आणि रंजकेची वाटी कोरी करकरीत असेल, तर पाणी मुरतंय.

आकडेही समजून घ्यावे लागतात. ‘बारा बोअर’मधले बारा इंच नव्हेत, मिलिमीटरही नव्हेत. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक बसेल एवढं ते तोंड. साधारण साडेअठरा मिलिमीटर.

छापही वाचावे लागतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांवर आधी बदामाचा छाप असे, पुढे त्या जागी उभा सिंह आला. पण छाप म्हणजे पुरावा नव्हे. खैबर खिंडीतल्या कारागिरांनी ब्रिटिश रायफलींच्या नकला छापांसकट केल्या. इंग्रजी न येणाऱ्या हातांनी कोरलेली अक्षरं कधी चुकलेली, कधी उलटी.

आणि ‘पॅटिना’, म्हणजे वयाने धातूवर चढलेला तपकिरी रंग. वारसदार तो हौसेने घासूनपुसून लख्ख करतो आणि बंदुकीची निम्मी किंमत स्वतःच्या हाताने घालवतो.

‘अँटिक’ शब्द मात्र कायद्याच्या ताब्यात आहे. अमेरिकेच्या 1968च्या कायद्यात 1898पर्यंत बनलेली बंदूक त्यात बसते. भारताच्या 1959च्या शस्त्र अधिनियमात नुसतं वय पुरत नाही. कलम 45 मधली सूट मिळते ती कालबाह्य, पुरातन किंवा मोडक्या अशा शस्त्राला, जे दुरुस्त करूनही झाडता येणार नाही. म्हणून आजोबांच्या बंदुकीतून आजही बार निघू शकत असेल, तर तिला परवाना लागतोच.