कॅम्पची बस सुटण्याआधी

जूनचा शेवटचा आठवडा आला की अमेरिकेतल्या कितीतरी ज्यू घरांत एकच गडबड उडते. मोठमोठ्या पिशव्या भरल्या जातात, त्यात टॉर्च, टोपी, पाण्याची बाटली आणि शुक्रवार संध्याकाळी सुरू होणाऱ्या शब्बाथसाठी, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसासाठी, पांढरे कपडे जातात. मोज्यामोज्यावर नाव घातलं जातं. आठ-नऊ वर्षांपासून सोळा वर्षांपर्यंतची मुलं डोंगरातल्या, तळ्याकाठच्या कॅम्पला निघतात. कुणी तीन-चार आठवडे राहतं, कुणी सात-आठ. एका खोलीत दहा-बारा मुलं, सगळ्यांचं जेवणघर एक, पोहायचं तळं एक. खरं तर एका शिंकेसरशी अख्खा कॅम्प आडवा व्हायला हवा. सहसा तसं होत नाही, आणि त्याचं कारण शोधत गेलं की थक्क व्हायला होतं.

हे कॅम्प सुरू झाले तेच मुळी तब्येतीसाठी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्व युरोपातून आलेली ज्यू कुटुंबं न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत दाटीवाटीने राहत. क्षयाची भीती कायम डोक्यावर. तिथल्या मुलांना उन्हाळ्यात थोडी मोकळी हवा मिळावी म्हणून १९०२ साली हडसन नदीच्या खोऱ्यात, कोल्ड स्प्रिंगजवळ, ‘सरप्राइज लेक कॅम्प’ उभा राहिला. तिथे गेलेल्या मुलांत आजीने वाढवलेला एक पोरका मुलगा होता, एडी कँटर. पुढे तो रेडिओवरचा लाडका कलाकार झाला. १९३८ साली पोलिओविरुद्धच्या मोहिमेला ‘मार्च ऑफ डाइम्स’ हे नाव त्यानेच सुचवलं आणि श्रोत्यांना दहा-दहा सेंटची नाणी थेट व्हाइट हाउसला पाठवायला सांगितलं. लाखो नाणी आली. पोलिओ हा तिकडे उन्हाळ्यातच बळावणारा आजार, त्यामुळे आईबापांना पोहण्याच्या तळ्याचीसुद्धा धास्ती वाटे. या मोहिमेच्या पैशांवर काम करून न्यूयॉर्कमधल्या ज्यू कुटुंबात जन्मलेल्या जोनास साल्क यांनी लस तयार केली. १९५४ साली सुमारे अठरा लाख मुलं तिच्या चाचणीत सहभागी झाली आणि १२ एप्रिल १९५५ रोजी लस यशस्वी ठरल्याचं जाहीर झालं. कॅम्पने ज्या मुलाला मोकळी हवा दिली, त्याच्याच आवाजाने पुढे कॅम्पचं तळं निर्धास्त करायला हातभार लावला!

आजचा सर्वात चिवट पाहुणा आहे गोवर. गोवर झालेला माणूस खोलीतून निघून गेला तरी त्याचे विषाणू दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत राहू शकतात. लस न घेतलेली दहा माणसं त्याच्या सहवासात आली तर त्यांतल्या नऊ जणांना लागण होऊ शकते. आणि अंगावर पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून तो आजार पसरवत असतो. म्हणजे नुसतं नाक गळतंय म्हणून बसमधून हसत उतरलेलं पोर कॅम्पभर गोवर वाटू शकतं. २०१८च्या शरद ऋतूत ब्रुकलिन आणि रॉकलंड परगण्यातल्या ऑर्थोडॉक्स, म्हणजे कर्मठ, ज्यू वस्त्यांत गोवराची साथ आली. लसीबद्दल अफवा पसरवणारी पत्रकं घरोघर फिरत होती. एकट्या न्यूयॉर्क शहरात ६४९ रुग्ण झाले. पुढच्याच उन्हाळ्यात हजारो मुलं कॅट्सकिल डोंगरांतल्या कॅम्पना निघणार होती. डॉक्टर, परिचारिका आणि अनेक रब्बी (ज्यू धर्मगुरू) घराघरांत बोलले, आरोग्य अधिकाऱ्यांनी लसीचा पुरावा मागायला सुरुवात केली, आणि सप्टेंबर २०१९च्या सुरुवातीला शहराने साथ संपल्याचं जाहीर केलं.

लसीचंही एक वेळापत्रक असतं. गोवराच्या लसीच्या दोन डोसांमध्ये किमान २८ दिवसांचं अंतर लागतं आणि नंतर शरीराला तयारीसाठी साधारण दोन आठवडे. हे झाले सहा आठवडे. म्हणजे ज्याचे डोस राहिलेत त्याच्या जूनअखेरच्या तब्येतीचा निकाल मेच्या मध्यावरच लागलेला असतो. डॉक्टरांची तपासणी, ॲलर्जीची नोंद, रोजच्या गोळ्या, सगळं त्याआधीच जुळवावं लागतं. अनेक कॅम्पांत आता औषधांच्या सुट्या बाटल्या चालत नाहीत. औषधाचं दुकान प्रत्येक वेळची मात्रा मुलाचं नाव, तारीख आणि वेळ छापलेल्या वेगळ्या पुडीत बंद करून देतं.

या सगळ्या खबरदारीमागे धर्माचंही मोठं पाठबळ आहे. ज्यू धर्मशास्त्रात ‘पिकुआख नेफेश’ नावाचं तत्त्व आहे: जीव वाचवायचा असेल तर जवळजवळ सगळे नियम बाजूला ठेवायचे. शब्बाथला ऑर्थोडॉक्स कॅम्पात गाडी चालवत नाहीत, पण एखादं मूल गंभीर आजारी पडलं तर गाडी लगेच निघते. रब्बीची परवानगी घेण्यासाठी थांबणंसुद्धा दोषास्पद मानलं जातं. एकोणिसाव्या शतकात डान्झिगचे रब्बी इस्रायल लिपशुट्झ यांनी देवीची लस शोधणाऱ्या एडवर्ड जेन्नरची गणना पुण्यवंतांत केली होती. ज्यू आणि लस यांचं हे नातं मुंबईकरांना नवं वाटू नये. परळच्या संस्थेला ज्यांचं नाव आहे ते वाल्डेमार हाफकिन ओडेसात जन्मलेले ज्यू होते, आणि प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली होती.

शहरातल्या मुलाला रानातल्या एका जिवाची ओळखही करून द्यावी लागते. ईशान्य अमेरिकेच्या गवतात हरणांवरची गोचीड असते. तिचं पिल्लू जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढं. ते चावतं तेव्हा दुखत नाही, खाजत नाही, पण त्यातून लाइम रोगाचे जिवाणू अंगात जाऊ शकतात. गंमत अशी, की हे जिवाणू गोचिडीच्या आतड्यात बसलेले असतात. ती रक्त पिऊ लागली की ते जागे होतात आणि तिच्या लाळेपर्यंत सरकतात. या प्रवासाला सहसा चोवीस तासांहून जास्त वेळ लागतो, आणि आपल्या हाती असते ती एवढीच सवड. म्हणून रोज संध्याकाळी कानामागे, काखेत, बेंबीत, गुडघ्याच्या लवणीत, केसांच्या कडेला बोट फिरवून पाहायचं. सापडलीच तर बारीक टोकाच्या चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. हे घरीच आठवडाभर आंघोळीच्या वेळी शिकवलं, तर कॅम्पात मूल स्वतःहून करतं.

मनाची तयारीही अशीच सरावाची. घरची आठवण जवळजवळ प्रत्येक मुलाला कधी ना कधी येतेच. ख्रिस्तोफर थर्बर आणि एडवर्ड वॉल्टन यांनी २००७ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेसाठी याच विषयावर मार्गदर्शन लिहिलं. आधी दोन-तीन दिवस आजीआजोबांकडे आईबाबांविना राहू द्यावं, पत्र लिहायची सवय लावावी, जायचं ठरवताना मुलाचं मत घ्यावं. आणि एक वाक्य मात्र चुकूनही बोलू नये: ‘नाहीच करमलं तर लगेच न्यायला येऊ.’ या वचनातून मुलाला एवढंच कळतं, की आपल्याला जमेल असं आईबाबांनाच वाटत नाही.

आणि शेवटी त्या खोलीतल्या दहा-बारा मुलांचा विचार करा. त्यांत एखादं मूल रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणारं असू शकतं. गोवराच्या लसीत दुबळे केलेले जिवंत विषाणू असतात, त्यामुळे उपचार चालू असताना त्याला ती देता येत नाही. त्याचं संरक्षण शेजारच्या खाटांवरच्या मुलांच्या दंडांतच असतं, आणि ती सगळी तयारीनिशी आली म्हणूनच तेही तळ्यात उतरू शकतं. कॅम्पचा आरोग्याचा फॉर्म भरताना आईबाप आपल्या लेकरासोबत त्या अनोळखी लेकराच्या उन्हाळ्यावरही सही करत असतात.