विरजण शेजारचे, दूध आपल्या घरचे

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळची धार काढून आमच्या वहिनी गोठ्यातून आल्या, तेव्हा पुतण्या ओसरीवर मोबाइल हातात धरून खाली मान घालून बसला होता. समोरचा चहा निवून गेला होता. काय झाले म्हणून विचारले, तर बराच वेळ बोलेना. मग हळूहळू सगळे बाहेर पडले.

पुतण्याला यूट्यूबवर शेतीचे व्हिडिओ टाकण्याचा नाद आहे. नाद वाईट नव्हे. पण ज्यांचे व्हिडिओ लाखो लोक पाहतात त्यांची बोलण्याची ढब याने उचलली, डोळ्यांवर काळा चष्मा चढविला आणि टोमॅटोच्या प्लॉटमध्ये उभा राहून ओरडून सांगितले, "एका एकरात पाच लाख!" पाच लाख आले होते हे खरे. त्या हंगामात भाव चढा सापडला होता. पण रोपे, मल्चिंग, ठिबक, बांबू-तार, फवारण्या, तोडणीची मजुरी, गाडीभाडे आणि हमाली यांत किती गेले ते सांगायचे राहिले. राहिले कसले, मुद्दाम ठेवले. खर्चाचे रडगाणे गायले तर व्हिडिओ कोण बघणार?

त्या दिवशी दूरच्या जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याचा फोन आला होता. ओळख ना पाळख. याचा व्हिडिओ पाहून त्याने बायकोचे दागिने सोनेतारणाला ठेवले आणि दीड एकर टोमॅटो लावला. माल निघायला आणि भाव पडायला एकच गाठ पडली. तोडणीचे पैसेही सुटेनात. तो माणूस शिव्या देत नव्हता. एवढेच म्हणाला, "दादा, खर्च किती येतो ते तुम्ही सांगितलंच नव्हतं."

वहिनींनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "डेअरीला दूध घालताना त्यात पाणी घालत नाही आपण. मग बोलण्यात का घातलंस?"

वाचकहो, हा प्रश्न एकट्या आमच्या पुतण्याचा नाही. आज गावोगावी कुणाचा मुलगा, कुणाची सून, कुणाची लेक मोबाइलसमोर उभी राहून बोलते आहे. कुणी शेळीपालन दाखवितो, कुणी चुलीवरची भाकरी. ज्यांना यश आले त्यांच्याकडे पाहूनच माणूस शिकतो, यात कमीपणा नाही. प्रश्न एवढाच, की त्यांच्याकडून घ्यायचे काय आणि ठेवून द्यायचे काय?

आजींनी पाहिले, पण केले आपल्या हाताने

नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे यांना अनेक घरांत 'आपली आजी' याच नावाने ओळखतात. २०२० साली त्या सत्तरीच्या घरात होत्या. नातू यश पाठक याने पावभाजी कर म्हणून हट्ट धरला. आजींना पावभाजी येत नव्हती. नातवाने मोबाइलवर ती कशी करतात याचे व्हिडिओ दाखविले. ते पाहून आजी म्हणाल्या, की यापेक्षा चांगली मी करीन. केलेली पावभाजी घरात सगळ्यांना आवडली आणि त्यातूनच नातवाच्या डोक्यात चॅनेलची कल्पना आली. तोवर यूट्यूब म्हणजे काय हे आजींना ठाऊक नव्हते. पुढे त्यांच्या साध्या कारल्याच्या भाजीचा व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला.

या गोष्टीत आपल्याला हवे ते सगळे आहे. आजींनी दुसऱ्याचे पाहिले, त्यात लाज मानली नाही. पण कढईपुढे बसल्यावर हात स्वतःचा चालविला. चॅनेल वाढले म्हणून त्यांनी हॉटेलातल्या आचाऱ्यासारखी टोपी घातली नाही, की शहरी बोलणे उसने आणले नाही. त्या आजीच राहिल्या. लोकांना तीच हवी होती.

जोराचा आवाज, पण आपला

आता थोडे महाराष्ट्राबाहेर पाहू. तमिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात चिन्न वीरमंगलम नावाचे खेडे आहे. तेथील एका शेतकरी कुटुंबातल्या तरुणांनी २०१८ साली आपल्या आजोबांना, पेरियतंबी यांना, बरोबर घेऊन 'व्हिलेज कुकिंग चॅनेल' सुरू केले. आजोबा मूळचे लग्नकार्यात स्वयंपाक करणारे. शेताच्या कडेला मोठमोठी भांडी चढवायची, पाट्यावर वाटण वाटायचे आणि प्रत्येक जिन्नस दाखवून त्याचे नाव मोठ्याने पुकारायचे, ही त्यांची रीत. २०२१ मध्ये त्यांचे सदस्य एक कोटीवर गेले. तमिळ चॅनेलांत हा मान पहिल्यांदा त्यांना मिळाला. ज्यांना तमिळचा एक शब्द कळत नाही तेही हे पाहतात, कारण हाताचे काम सगळ्यांना कळते.

तेलंगणात जगित्याल जिल्ह्यातल्या लंबाडीपल्ली गावी श्रीकांत श्रीराम या तरुणाने २०१२ साली 'माय व्हिलेज शो' सुरू केला. त्यात पुढे आलेल्या गंगव्वा या शेतमजुरी करीत आयुष्य काढलेल्या बाई. त्या आपल्या तेलंगणी बोलीतच ठसक्यात बोलतात. त्याच बोलीमुळे लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले.

आता यांतल्या कुणाचे पाहून आपण काय करतो? तमिळ पोरे ओरडतात म्हणून आपणही ओरडतो. गंगव्वा हसवतात म्हणून आपल्या आजीला हातवारे करायला लावतो. वरची साल घेतो आणि आतला गर टाकून देतो. त्यांचे ओरडणे हे त्यांच्या गावचे, त्यांच्या रानातले आहे. आपल्या ओसरीवर ते परके वाटते.

घ्यायचे ते हे

मग घ्यायचे काय? या सगळ्यांच्या कामाची रीत घ्यावी. ती अशी :

पहिली गोष्ट नेम. डेअरीची गाडी एक दिवस आली आणि चार दिवस आली नाही, तर गावाचे दूध नासेल. आठवड्यात एक व्हिडिओ टाकायचा ठरविला, तर तो त्या वारी टाकावा.

दुसरी गोष्ट, एक विषय धरावा. आज कांदा, उद्या लग्नाची वरात, परवा राजकारण, असे केले की पाहणाऱ्याला कळत नाही आपण कशासाठी यावे.

तिसरी गोष्ट, आवाज व उजेड. चित्र थोडे कमी असले तर चालते, पण वाऱ्याच्या घोंगाटात शब्द ऐकू आले नाहीत तर माणूस पुढे सरकतो. सकाळच्या किंवा दुपार कलल्यानंतरच्या उन्हात, मोटार बंद ठेवून बोलावे.

चौथी गोष्ट माप. "थोडेसे औषध टाका" असे म्हणू नये. किती लिटर पाण्याला किती, कोणत्या पिकाला, पेरणीपासून कितव्या दिवशी आणि आपली जमीन कशी, हे सांगावे. काळ्या रानातला अनुभव मुरमाड रानात जसाच्या तसा लागू पडत नाही. औषधाच्या बाबतीत डब्यावरच्या लेबलाबाहेर सल्ला देऊच नये.

पाचवी गोष्ट, लोकांचे ऐकावे. कुणी चूक दाखविली तर ती मान्य करून पुढच्या व्हिडिओत दुरुस्त करावी. चूक कबूल करणाऱ्यावर लोकांचा विश्वास बसतो.

ठेवून द्यायचे ते हे

दुसऱ्याचा व्हिडिओ कापून आपला म्हणून लावू नये, सिनेमाचे गाणे मागे वाजवू नये. मूळ मालकाने तक्रार केली तर ठपका बसतो आणि ९० दिवसांत असे तीन ठपके बसले की चॅनेल बंद होऊ शकते. जुलै २०२५ मध्ये यूट्यूबने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. एकाच साच्यातून घाऊक काढलेले, अस्सल नसलेले व्हिडिओ पैशांस पात्र धरले जात नाहीत. म्हणजे अस्सलपणा आता नुसता नीतीचा प्रश्न राहिला नाही, व्यवहाराचाही झाला आहे.

पैशाचे गणितही घरात सर्वांना माहीत असावे. जाहिरातीतला वाटा मिळण्यास किमान १,००० सदस्य आणि बारा महिन्यांत लोकांनी आपले व्हिडिओ मिळून ४,००० तास पाहिलेले असावे लागतात. छोट्या 'शॉर्ट्स' व्हिडिओंचा हिशेब वेगळा आहे. अट पुरी झाल्यावर मोठ्या व्हिडिओवरील जाहिरातीच्या उत्पन्नातले ५५ टक्के चॅनेलवाल्यास मिळतात. पण किती मिळतील याचा भरवसा नाही. म्हणून कर्ज काढून कॅमेरा घेऊ नये. आहे त्या मोबाइलवर सुरुवात करावी आणि शेतीचे काम मोडून व्हिडिओ करू नये. रान पडीक पडले तर दाखविणार काय?

चॅनेल थोडे नावारूपाला आले की औषधवाले, बियाणेवाले दारात येतात. "आमच्या मालाचं चांगलं बोला, पैसे देतो." येथे माणसाची खरी परीक्षा असते. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने सांगून ठेवले आहे, की पैसे, फुकटचा माल किंवा असा दुसरा लाभ घेऊन शिफारस करीत असाल तर ती जाहिरात आहे हे सोप्या, स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तीच चूक केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शिफारस करणाराही यातून सुटत नाही. आणि कायद्याचे राहू द्या. जे बियाणे स्वतःच्या रानात पेरून पाहिले नाही, ते दुसऱ्याच्या रानात पेरायला कोणत्या तोंडाने सांगावे?

घरच्या माणसांचा मान

आणखी एक गोष्ट माय-बहिणींसाठी. घरातल्या बाईला, म्हाताऱ्या माणसाला, लहान मुलाला विचारल्याशिवाय व्हिडिओत घेऊ नये. घरातले भांडण, दुखणे, रडणे हे दाखविण्याची वस्तू नव्हे. सुनेला व्हिडिओ करायचे असतील तर घराने पाठीशी उभे राहावे, कारण खाली घाणेरडे बोलणारे चार लोक भेटतातच. त्यांना उत्तर देत बसू नये. ते लिहिणे पुसून टाकावे आणि धमकी असेल तर पोलिसांकडे जावे.

खात्याचीही राखण करावी. 'आपली आजी' चॅनेल २०२० च्या ऑक्टोबरमध्ये चोरांनी ताब्यात घेतले होते. ते परत मिळाले, पण मधले दिवस घराने काळजीत काढले. पासवर्ड आणि मोबाइलवर येणारा ओटीपी कुणालाही सांगू नये. दुहेरी कुलूप, म्हणजे दोन टप्प्यांची पडताळणी, लावून घ्यावी.

पुतण्याने मग काय केले

दुसऱ्या दिवशी पुतण्याने तो जुना व्हिडिओ काढून टाकला. मग खर्चाची वही मांडीवर घेऊन ओसरीवरच बसला. चष्मा नाही, गाणे नाही. रोपांपासून हमालीपर्यंत एकेक आकडा त्याने वाचून दाखविला. हाती काय उरले ते सांगितले, आणि भाव पडला असता तर आपणही बुडालो असतो हेही सांगितले. मागून म्हशीचे ओरडणे ऐकू येत होते, तेही तसेच राहू दिले.

हा व्हिडिओ पहिल्याच्या दहाव्या हिश्श्यानेही पाहिला गेला नाही. पण त्याखाली लोकांनी आपापला खर्च लिहिला. कुणी विचारले, बांबू किती वर्षे टिकतात? कुणी सांगितले, आमच्याकडे मजुरी याहून जास्त आहे. पहिल्या व्हिडिओखाली नुसते "लय भारी" होते. इथे शेतकरी शेतकऱ्याशी बोलत होता.

त्या दूरच्या शेतकऱ्याला पुतण्याने स्वतः फोन केला आणि चूक कबूल केली. त्याचे दागिने त्याने सुटले नाहीत. ते दुःख पुतण्याच्या मनात आहे आणि असावे. आता तो बोलण्याआधी वही उघडतो.

घरात विरजण संपले तर आपण शेजारणीकडे वाटी पाठवितो. त्यात लाज नसते. चमचाभर विरजण तिचे, पण दूध आपल्याच गोठ्यातले. यशस्वी माणसांकडून चमचाभर रीत जरूर आणावी. दूध मात्र आपले असावे, आणि त्यात पाणी नसावे.