येलदरीचे पाणी आणि वरची गावे

इयत्ता तिसरीच्या वर्गात आपण विद्यार्थ्यांस जिल्ह्याचा नकाशा शिकवितो. त्यात जिल्ह्याची सीमा ठळक असते आणि नदीची रेषा बारीक. त्यामुळे आपल्या गावी येणारे पाणी आपल्याच जिल्ह्यात उत्पन्न होते, असा ग्रह मुलांच्या मनात नकळत रुजतो. वस्तुस्थिती निराळी आहे.

पूर्णा नदी अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावते. (तापीस मिळणारी विदर्भातील पूर्णा ती वेगळी. ही गफलत विद्यार्थ्यांचीच होते असे नाही.) छत्रपती संभाजीनगर, जालना व बुलढाणा या जिल्ह्यांचे पाणी घेऊन ती जिंतूर तालुक्यात येते व येलदरी येथे अडविली जाते. धरण १९६८ साली पूर्ण झाले. त्याचा एकूण साठा सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर असून पैकी सुमारे १२५ हा मृतसाठा होय. परभणी शहर पूर्वी राहटी येथे पूर्णेचे पाणी घेत असे. आता त्यासाठी येलदरीहून नळ टाकलेले आहेत. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यापासून जलाशयाचा एक काठ आपला, तर दुसरा शेजाऱ्यांचा झाला आहे.

ज्या भूभागावर पडलेला पाऊस उतरत उतरत जलाशयात येतो, तो सारा त्या जलाशयाचा पाणलोट. उघड्या उतारावर मोठा पाऊस झाला की काळी माती सुटते. ती सगळी मृतसाठ्यात जाऊन बसते, अशी अनेकांची समजूत आहे. परंतु जलाशयाच्या मुखाशी प्रवाह मंदावतो आणि बराचसा गाळ तेथेच पडतो. म्हणजे आपल्या उपयोगाचीच जागा व्यापतो. दुसरे संकट अस्वच्छतेचे. गावांचे सांडपाणी, उकिरडे, शेतांतील खते व औषधे यांचा अंश नाल्यानाल्याने खाली येतो. पाणी ओसरल्यावर जलाशयाच्या तळावर जी गाळपेर होते, तीत घातलेल्या खत-औषधांस तर प्रवासही करावा लागत नाही. पुढच्या पावसाळ्यात पाणी आपणहून त्यांच्यावर चढते.

उपाय सर्वांस ठाऊक आहेत : बांधबंदिस्ती, गवताचे पट्टे, शोषखड्डे, नाल्यातील माती अडविणे. अडचण उपायांची नाही, हद्दीची आहे. खालच्या ग्रामपंचायतीने कितीही बांध घातले, तरी वरच्या शिवारातील माती येतच राहते. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ अन्वये एका पंचायतीस दुसऱ्या पंचायतीशी किंवा अन्य स्थानिक संस्थेशी मिळून समाईक हिताच्या कामासाठी संयुक्त समिती नेमता येते. ही तरतूद आमच्या सरपंचांपैकी फारच थोड्यांच्या वाचनात आलेली दिसते.

तथापि केवळ कायद्याने हे काम होईल, असे मला वाटत नाही. काही वर्षांपूर्वी जलाशयाजवळच्या एका शाळेची तपासणी करीत असता पाणी वाचविण्याचा पाठ चालू होता. चौथीतील एका मुलीने विचारले, “गुरुजी, धरण आमच्या गावाजवळ, मग टँकर आमच्याच गावात का येतो?” शिक्षक गप्प राहिले व मीही गप्प राहिलो. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण तिच्या घरी रोज अनुभवास येत होती. अशा गावास शहराच्या पाण्यासाठी खते कमी टाका, गुरे काठावर नेऊ नका, असे सांगावयाचे, तर त्याबदली त्या गावास काय मिळणार, हेही सांगावे लागेल.

या बाबतीत अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. त्या शहराचे बहुतेक पाणी दूरच्या कॅट्स्किल व डेलावेअर भागांतील जलाशयांतून येते. १९९० साली शहराने पाणलोटासाठी कडक नियमांचा मसुदा पुढे केला, तेव्हा डोंगरातील गावे खवळली. बरीच वर्षे वाटाघाटी चालल्या आणि १९९७ साली करार झाला. शहराने गावांच्या मैलापाण्याच्या व्यवस्थेचा व शेतकऱ्यांच्या गोठ्या-कुंपणांचा खर्च उचलावा, जमीन घ्यावी ती राजीखुशीने विकणाऱ्याकडूनच, असे ठरले. त्यामुळे अब्जावधी डॉलरचे गाळणी केंद्र उभारणे शहरास टाळता आले. आपल्या महानगरपालिकेची तिजोरी तेवढी मोठी नाही, हे खरे. पण पाणीपट्टीतील अल्प अंश वरच्या गावांच्या शोषखड्ड्यांसाठी राखून ठेवण्यास फार मोठी तिजोरी लागत नाही.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करून पाहावा. दोन पराती तिरप्या ठेवून एकीत मोकळी माती व दुसरीत गवतासह उचललेले ढेकूळ घालावे, दोन्हींवर झारीने सारखेच पाणी ओतावे आणि खाली उतरलेले पाणी काचेच्या पेल्यांत धरावे. नंतर मुलांस शाळेच्या पागोळ्या दाखवून, हे पाणी कोणत्या नाल्यास जाते, तो नाला कोणत्या नदीस मिळतो आणि ते पाणी पुढे कोण पिते, हे नकाशावर बोट फिरवून शोधावयास सांगावे. बोट जिल्ह्याच्या सीमेवर येऊन थबकले, तर शेजारच्या जिल्ह्याचा नकाशा त्यास जोडून द्यावा.